मार्गदर्शक हवा, मालक नको

आपला मुलगा किंवा मुलगी पीएच.डी. करीत आहे, असे अभिमानाने सांगणारी घरे आज आपल्या समाजात पुष्कळ आहेत. ज्या घरात आजोबा कागदावर अंगठा उठवीत, त्या घरात प्रबंध लिहिला जावा, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु प्रवेश मिळाला म्हणजे सारे झाले, ही आईबापांची समजूत घातक आहे. संशोधकाचे भवितव्य पुष्कळ अंशी त्याच्या मार्गदर्शकाच्या हाती असते, आणि याविषयी आपण अद्याप बेसावध आहोत.

परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण पाहा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना प्रो. सेलिग्मन लाभले. १९१६ साली बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा सेलिग्मन यांनी तेथील प्राध्यापकांस शिफारसपत्र लिहिले. १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंध ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा त्याची प्रस्तावनाही त्यांनीच लिहिली. लंडनचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या सांगण्यावरून बाबासाहेबांना पुन्हा लिहावा लागला. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत, आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळविली. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना प्रो. एडविन कॅनन यांनी अनेक मुद्द्यांवरील आपला मतभेद उघडपणे नोंदविला. मत जुळत नसतानाही जो विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहतो, तोच खरा मार्गदर्शक!

आज आपल्या मुलांच्या वाट्याला काय येते? लिहून दिलेले प्रकरण महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहते. एका सहीसाठी दाराशी ताटकळावे लागते. कोठे घरगुती कामे सांगितली जातात, तर कोठे आडनाव ऐकूनच, 'तुम्ही आपल्या समाजावरच लिहा,' असा सल्ला मिळतो. जणू नाणेशास्त्र, गणित किंवा रसायन यांवर आपला हक्कच नाही! इकडे शिष्यवृत्तीची मुदत संपत जाते आणि विद्यार्थी खचतो. एकलव्याचा अंगठा मागणारा गुरू केवळ पोथीतच होता, असे कोणी समजू नये.

या अन्यायावर पहिला उपाय म्हणजे आपले हक्क जाणणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाने ८, सहयोगी प्राध्यापकाने ६ आणि सहायक प्राध्यापकाने ४ यांहून अधिक पीएच.डी. विद्यार्थी घ्यावयाचे नाहीत. प्रत्येक संशोधकासाठी सल्लागार समिती असते व दर सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडावयाची असते. तेव्हा अडचण मनात कुढत न ठेवता त्या समितीपुढे लेखी मांडावी. मार्गदर्शकाच्या प्रत्येक भेटीची तारीख आणि झालेले बोलणे वहीत टिपून ठेवावे. मार्गदर्शक निवडण्यापूर्वी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करावी. लग्नसंबंध जुळविताना आपण दहा ठिकाणी विचारतो. मग चारपाच वर्षांचा हा संबंध डोळे मिटून का जोडावा?

आईबापांसही आमचे एक सांगणे आहे. पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि सामान्यतः सहा वर्षांपर्यंतची असते. स्त्रियांसाठी ती आणखी वाढविण्याची सोय आहे. म्हणून 'कधी संपणार?' असा धोशा लावू नका, आणि मुलीचा प्रबंध लग्नाच्या घाईपायी अर्ध्यावर सोडवू नका.

केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. धम्मात गुरूची गुलामी नाही; तेथे कल्याणमित्र आहे. आपल्या संशोधकांनी विद्यापीठात असा कल्याणमित्र शोधावा, त्याचा आदर करावा, त्याची कठोर टीकाही ऐकावी; परंतु आपला अंगठा मात्र कोणाच्याही पायाशी ठेवू नये.