आधी चित्रात, मग ताटात

चित्रकलेचा आणि आरोग्याचा काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. गावोगावी सुटीच्या दिवशी चित्रकलेचे वर्ग भरतात, हौशी मंडळी एकत्र बसून चित्रे काढतात. सर्वांनी मिळून एकच विषय घेण्याची पद्धतही असते. देखावा, सण, पावसाळा हे विषय संपले की पुढे काय, असे कोणी विचारले तर मी सांगेन, स्वयंपाकघरातले जिन्नस काढा.

वस्तुचित्र आपल्याला नवे नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे ते घरोघरी माहीत आहे. पण फळ काढ म्हटले की मुलाचा हात सफरचंदाकडेच वळतो. अंबाडी, राजगिरा, शेवग्याचा पाला, ज्वारीचे कणीस यांना चित्रवहीत जागा नाही आणि बऱ्याच घरांत ताटातही राहिलेली नाही.

ही बाब क्षुल्लक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, परंतु निकस आहार हे त्यांतले मोठे कारण. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत असे सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही.

नुसते चित्र काढून रक्त वाढत नाही, हे उघड आहे. मात्र मूल नवी भाजी नाकारते ते पुष्कळदा चव घेण्याआधीच, केवळ पाहून. ओळख नसते म्हणून नको असते. तीच भाजी पुन्हा पुन्हा समोर आली, हाताळली गेली, की हा नकार सौम्य होतो. चित्र काढणारा तासभर त्या जुडीकडे पाहत असतो. मेथीची पाने तीन-तीनच्या जोडणीत येतात, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

हा विषय मोठ्यांच्याही उपयोगाचा आहे. तूरडाळ आणि हरभराडाळ यांतला फरक ओळखताना अडखळणारे गृहस्थ कमी नाहीत. दोन्ही वाट्या शेजारी ठेवून रंगवल्या की तो कायमचा लक्षात राहील.

एखाद्या रविवारी बिस्किटाचा पुडा मध्ये ठेवावा. पुड्यावरील घटकांची यादी कायद्यानुसार वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. बहुतेक पुड्यांवर मैदा, साखर आणि तेल यांची नावे आरंभीच सापडतील. त्यांचे ढीग त्याच क्रमाने लहान-लहान काढायला सांगावे. साखरेचा ढीग रंगवताना मुलांना जे उमगेल, ते आपल्या दहा उपदेशांनी उमगणार नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. खास चित्रासाठी महागडे काही विकत आणू नये. ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणावे. आणि चित्र झाल्यावर भाजी फेकू नये, निवडून शिजवावी. पालेभाजीशेजारी एक लिंबू अवश्य ठेवावे. हिरव्याजवळ पिवळा रंग खुलतो, आणि जेवताना तेच लिंबू पिळले तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते.