'नाही' म्हणायला जागा ठेवा



आमच्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, माणसं फोटो "काढून घ्यायला" जात. ठेवणीतले कपडे घालायचे, केसांना तेल लावायचं, स्टुडिओतल्या पडद्यापुढे श्वास रोखून उभं राहायचं. "मी यवतमाळला फोटो काढून घेतला" असं सांगणाऱ्याचाच तो फोटो असायचा. कसं दिसायचं हे त्यानं स्वतः ठरवलेलं असायचं.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि फोटो ज्याचा असतो त्याला बरेचदा पत्ताच नसतो. कळंबच्या बाजारात कोथिंबीर विकणारी म्हातारी, चिंतामणीच्या पायऱ्या उतरणारे भाविक, वावरात कापूस वेचणाऱ्या बाया, सगळ्यांचे फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठे पोचतात. घरातली नवी पिढी मला विचारते, "आबा, अनोळखी माणसाला विचारलं तर चेहरा आखडतो, न विचारता काढला तर चोरी केल्यासारखं वाटतं. मग करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. मास्तरकीची सवय जुनी, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या!

आधी कायद्याचं. रस्त्यावर, बाजारात फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. स्त्रीचा तिच्या खाजगी क्षणी चोरून फोटो काढणं मात्र २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात आला. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. पण कायदा शेवटची रेघ तेवढी आखून देतो. तिच्या अलीकडे कसं वागायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

"विचारलं की झालं" असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातच आहे.

कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या. २००६ च्या जुलैत तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. देशभरातले कॅमेरे इकडे वळले. त्या वर्षांत एक फोटो जणू ठरूनच गेला होता. मागे मातीची भिंत, पुढे बसलेली बाई आणि तिच्या हातात नवऱ्याची हार घातलेली तसबीर. ती तसबीर तरी कुठली? पुष्कळ घरांत मतदार ओळखपत्रावरचा एवढासा फोटो मोठा करून आणलेला. माणसाचा जन्मभरात तेवढाच एक फोटो, आणि त्या फोटोचा पुन्हा फोटो!

या बायांना कोणी विचारलंच नसेल असं मी म्हणणार नाही. बहुतेकांनी विचारलं असेल. पण ते विचारणं कसं असतं बघा. अंगणात गाडी येऊन थांबते. सोबत गावातला पुढारी, कधी एखादा अधिकारी. आलेला माणूस पेपरचा की सरकारचा, हे तिला कळायला मार्ग नाही. एक लाखाच्या मदतीसाठी आपलं प्रकरण पात्र ठरतं की अपात्र, याची ती वाट पाहत असते. अशा वेळी "फोटो काढू का?" म्हटल्यावर ती काय म्हणेल? "काढा जी." बस्स. ज्याला नाही म्हणणं परवडतच नाही, त्याच्या हो म्हणण्याला होकार कसं म्हणायचं?

मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचं नाव जुलै २००८ मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत घेतलं आणि त्या देशभर माहीत झाल्या. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, लोकसभेत पुन्हा त्यांचं नाव निघालं आणि कॅमेरे पुन्हा त्यांच्याकडे वळले. तेव्हा त्यांनी आपलं म्हणणं स्वतः सांगितलं. नाव ठाऊक होतं म्हणून एवढं तरी झालं. तसबीर हातात घेऊन बसलेल्या बाकीच्या कितीतरी बायांना लोक नुसतं "शेतकऱ्याची विधवा" म्हणून ओळखतात.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. १९३६ साली अमेरिकेत डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. तो जगभर गाजला. त्यामुळे तळावर सरकारी धान्यही पोचलं, पण तोपर्यंत ती बाई लेकरं घेऊन पुढच्या गावी गेली होती. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचं नाव लोकांना कळायला १९७८ साल उजाडलं. आपलं नावसुद्धा विचारलं नाही, फोटोची प्रत पाठवते म्हणाली ती पाठवली नाही, अशी तिची तक्रार होती. बेचाळीस वर्षं तिच्या मनात राहिली ती न आलेली प्रत!

शाळेतही मी हे वर्षानुवर्षं पाहिलं. वह्या वाटायला दाते येतात. पोरं रांगेत उभी. एक हात दात्याचा, एक हात पोराचा, मधे वही, आणि सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहायचं. गुरुजी शेजारी उभे असताना कोणतं पोर "मला फोटो नको" म्हणेल? आता तर तो फोटो पोराच्या मित्रांच्या घरोघरच्या मोबाईलवर जातो. वहीची किंमत त्या पोरानं चेहऱ्यानं चुकती केली, असंच मी समजतो.

म्हणून माझा नियम एवढाच आहे. समोरच्याला सहज "नाही" म्हणता आलं पाहिजे, आणि नाही म्हटल्यानं त्याचं काही बिघडता कामा नये.

करायचं कसं? मोबाईल खाली ठेवून, समोरून जाऊन, आधी दोन शब्द बोलावे. सोबत पुढारी नसावा. "मावशी, तुमचा फोटो काढू का? नको असंल तर राहू द्या," हे दुसरं वाक्य विसरू नये, खरी परवानगी त्यात आहे. ती नको म्हणाली तरी कोथिंबीर घ्यावी. काढला तर लगेच दाखवावा, नापसंत असेल तर तिच्यादेखत पुसावा. लेकराचा असेल तर मायबापाला विचारावं. झोपलेल्याचा, रडणाऱ्याचा, आंघोळ करणाऱ्याचा काढूच नये.

विचारल्यावर चेहरा आखडतो हे खरं. पण माणूस किती वेळ आखडून बसेल? पंधरा मिनिटं थांबा, ती आपल्या कामाला लागते. मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. पुढे २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तसे फोटो जाता जाता मिळत नाहीत, त्या माणसांत उठबस करावी लागते.

कोणी म्हणेल, मग लाच घेणाऱ्याचा, गरिबाला मारणाऱ्याचा फोटोही विचारून काढायचा का? अजिबात नाही. सत्ता ज्याच्या हातात आहे त्याच्या परवानगीची गरज नाही. नियम आहे तो दुबळ्याला जपण्यासाठी.

आणि शेवटचं, पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. फोटोची एक प्रत कागदावर काढून त्या माणसाला नेऊन द्या. खर्च एका चहाचा. आपल्या भागात अजूनही अशी घरं आहेत की जिथं म्हातारीचा एकही धड फोटो नाही, आणि ती गेल्यावर पोरं ओळखपत्रावरचा फोटो मोठा करायला धावतात. तुम्ही दिलेल्या फोटोत ती हसत असेल, बाजारात, आपल्या कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी.

तेव्हा कळंबला याल तेव्हा कॅमेरा जरूर आणा. आणि पुढच्या खेपेला येताना फोटो आणायला विसरू नका.