गिटार तीच, आवाज निराळे

दिग्रस तालुक्यातून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. गावातल्या भीमनगरात सात-आठ पोरापोरींनी मिळून गायन पार्टी काढली आहे. हार्मोनियम आहे, ढोलकी आहे, बँजो आहे आणि यंदा यवतमाळहून आणलेली एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. तक्रार अशी, की गिटारचा आवाज एकाच तऱ्हेचा, जाडाभरडा येतो आणि गाणाऱ्या दोघी बहिणींचे शब्द त्यात बुडतात. दुकानदार म्हणतो, ही विका, दुसरी घ्या. दुसरी घ्यायची तर पार्टीची वर्षभराची बिदागी त्यात जाते. १४ एप्रिलच्या आत घरच्या घरी काही करता येईल का, असे त्याने विचारले आहे.

येईल, भाऊ. सहा टोकांचा एक स्विच, दोन बारके कपॅसिटर आणि सोल्डरिंगची इस्त्री एवढ्यावर काम भागते. पण आधी गिटारच्या पोटात काय आहे ते समजून घ्या. न समजता तारा तोडल्या तर आहे तोही आवाज जाईल.

गिटारच्या तारांखाली जे चपटे डबे दिसतात त्यांना पिकअप म्हणतात. सायकलचा डायनामो ज्याने उघडून पाहिला असेल त्याला हे लगेच कळेल. लोहचुंबक आणि त्याच्याजवळ तांब्याच्या तारेची कॉइल, एवढाच मामला. डायनामोत चुंबक फिरतो, इथे चुंबक जागेवर राहतो आणि वरची पोलादी तार थरथरते. त्या थरथरीने चुंबकाचे क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये वीज उमटते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेला हा नियम. हा फॅरेडे लोहाराचा पोरगा, बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी करता करता बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. आपल्या पोरांना हे मुद्दाम सांगावे.

कॉइलची तार केसासारखी बारीक असते आणि तिचे हजारो वेढे असतात. एवढे वेढे तारेचा आवाज पकडतात, तसे आजूबाजूच्या विजेची गुणगुणही पकडतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्पीकरमधून तो घुंऽऽ असा सूर निघतो. अमेरिकेत गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर याने १९५५ च्या सुमारास यावर तोड काढली. दोन कॉइल शेजारी ठेवल्या, दोघींचे चुंबक उलट, वेढेही उलट. बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडून काढते आणि तारेचा आवाज मात्र बेरजेने येतो. या जोडीला हमबकर म्हणतात. पत्रातल्या वर्णनावरून या गिटारमध्ये असे दोन हमबकर आहेत.

हे सगळे परदेशी वाटेल, पण तुमच्या पार्टीतला बँजो काय सांगतो पाहा. आपण ज्याला बँजो म्हणतो तो खरा बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणे असलेले हे वाद्य १९१२ साली जपानच्या नागोया शहरात तैशोगोतो या नावाने जन्मले. पुढे ते आपल्याकडे आले. हाताने वाजवायचे, आवाज नाजूक. मिरवणुकीत ढोल-ताशापुढे तो टिकेना, तेव्हा आपल्या वादकांनी आणि गल्लीबोळातल्या मेकॅनिकांनी त्याच्या तारांखाली पिकअप बसवले. महाराष्ट्रभरच्या बँजो पार्ट्या त्यावर उभ्या राहिल्या. वाद्य उघडून आपल्या कामाजोगे करून घेणे ही आपल्या वस्त्यांतली जुनीच विद्या आहे.

गोऱ्यांकडेही हेच झाले. फेंडर कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार काढली. तिच्यात पिकअप तीन आणि खटका तीन जागांचा, म्हणजे एका वेळी एकच पिकअप वाजणार. वादकांच्या लक्षात आले, की खटका दोन जागांच्या मधोमध अडकवला तर दोन पिकअप एकदम वाजतात आणि निराळाच काचेसारखा आवाज येतो. मग कोणी आगपेटीची काडी खुपसावी, कोणी खटक्यातली स्प्रिंग सैल करावी. कंपनीने पाच जागांचा खटका दिला तो १९७७ साली. वाजवणाऱ्यांना जे हवे होते ते कारखान्यापर्यंत पोचायला वीसेक वर्षे लागली.

आता कामाचे. हमबकरच्या दोन कॉइल कारखान्यातून एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडून येतात. प्रत्येक कॉइल चार हजार ओहमची धरली तर मल्टिमीटर आठ हजार दाखवील. आवाज मोठा आणि जाड. त्याच कॉइल समांतर जोडल्या तर मीटर दोन हजार दाखवील, आवाज थोडा लहान पण स्वच्छ, आणि गुणगुण तरीही येणार नाही. एकच कॉइल ठेवली तर मीटर चार हजार, आवाज कोवळा आणि टोकदार, पण गुणगुण परत येणार. एका पिकअपमधून असे तीन आवाज निघतात.

त्यासाठी दोन जागांवर बसणारा, सहा टोकांचा स्विच आणा. मध्ये बंद होणारा नको. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळेल. पहिल्या कॉइलचे वरचे टोक कायम आवाजाच्या तारेला आणि दुसऱ्या कॉइलचे शेवटचे टोक कायम अर्थला जोडलेले ठेवा. पहिलीचे उरलेले टोक स्विचच्या मधल्या डाव्या खुंटीला, दुसरीचे उरलेले टोक मधल्या उजव्या खुंटीला. वरच्या दोन खुंट्या एकमेकींना तारेने जोडा. खालची डावी अर्थला, खालची उजवी आवाजाच्या तारेला. झाले. मधल्या खुंट्या वरच्यांशी जुळल्या की सिरीज, खालच्यांशी जुळल्या की समांतर. एक कॉइलही हवी असेल तर मधल्या डाव्या खुंटीतून एक तार साध्या चालू-बंद खटक्यातून अर्थला न्या. सिरीजमध्ये असताना तो चालू केला की दुसरी कॉइल गप्प बसते.

इथे एक खोड आहे. स्वस्त गिटारमध्ये पिकअपमधून दोनच तारा बाहेर येतात. दोन कॉइलींचा सांधा आत चिकटपट्टीखाली दडलेला असतो. तो उघडताना केसाएवढी तार तुटली तर पिकअप मेला. ज्याने ट्रान्झिस्टर, मोबाइल दुरुस्त केले आहेत त्याच्या हातून एवढे काम करून घ्या, त्यात कमीपणा नाही. इस्त्री २५ वॉटची पुरे. सोल्डर रोझिनचे घ्या, ॲसिडची पेस्ट लावू नका, ती पुढे सांधे खाते. खिडकी उघडी ठेवा, सोल्डरमध्ये शिसे असते म्हणून काम झाल्यावर हात धुऊनच भाकरीला बसा. आणि पहिले काम म्हणजे जुनी जोडणी कागदावर काढून ठेवणे.

दोन पिकअप एकत्र वाजवल्यावर आवाज एकदम किरटा, नाकातला आला तर समजा की दोघे एकमेकांच्या उलट जोडले गेले आहेत. काट्याचा मीटर पिकअपला लावून पोलादी पेचकस त्यावर टेकवा आणि झटकन उचला. दोन्ही पिकअपवर काटा एकाच बाजूला हलला पाहिजे. नसेल तर एकाच्या तारा उलटवा. मात्र वरचे पत्र्याचे झाकण अर्थच्या तारेला जोडलेले असेल तर ती जोडणी आधी वेगळी करा, नाहीतर झाकणच गुणगुणू लागेल.

यापेक्षाही स्वस्त युक्ती कपॅसिटरची. टोनच्या बटणावर एक बारका कपॅसिटर असतो, त्यावर बहुधा २२३ किंवा ४७३ लिहिलेले दिसते. त्याजागी १०३ घाला. मग टोन पूर्ण कमी केला तरी आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बहिणी कडवे गाऊ लागल्या की तुम्ही व्हॉल्यूम कमी करता आणि गिटार लगेच मंद, दबकी होते. म्हणून मग हात पुन्हा व्हॉल्यूमकडे जातो आणि शब्द बुडतात. व्हॉल्यूमच्या बटणावर, आवाज आत येतो त्या आणि बाहेर जातो त्या खुंटीमध्ये १०२ चा कपॅसिटर जोडा. आता आवाज हळू केला तरी धार जात नाही.

वामनदादा कर्डकांची गाणी घ्या की कव्वालीचा सामना घ्या, लोक शब्द ऐकायला येतात. कडव्याला समांतर जोडणी, धृपदाला ढोलकी चढली की सिरीज, आणि सुरुवातीच्या तुकड्यात बँजो बोलत असेल तेव्हा गिटारने शक्यतो गप्प राहावे. मंडपात ट्यूबलाइट आणि जनरेटर जवळ असतील तर एका कॉइलचा आवाज वापरूच नका.

आता जे सांगतो ते घरातल्या मोठ्यांनीही वाचावे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात, त्यातून त्या अँप्लिफायरला आणि साउंड सिस्टिमला जोडल्या जातात. जयंतीच्या मंचावर वीज कुठून येते हे आपण जाणतो. आकडा, जोडलेली वायर, दोन पिनांचा प्लग. अर्थिंग नसेल किंवा उलटसुलट असेल तर गिटार हातात आणि ओठ माइकला लागले की पोराच्या अंगातून वीज जाते. १९७२ च्या मे महिन्यात ब्रिटनमधील स्वानसी शहरात लेस हार्वे हा गिटारवादक असाच भर कार्यक्रमात माइकला हात लावताना गेला. सत्तावीस वर्षांचा होता. तिथे हे होते तर उघड्या मैदानात, ओल्या जमिनीवर, अनवाणी पायांनी काय होईल?

म्हणून प्लगची तिसरी पिन कधी तोडू नका. मंचाच्या बोर्डावर ३० मिलिअँपियरचा गळती तोडणारा ब्रेकर बसवून घ्या, जयंती समितीने वर्गणीतला पहिला खर्च हा करावा. सगळी वाद्ये आणि माइक एकाच बोर्डावर घ्या. कार्यक्रमाआधी टेस्टर गिटारच्या तारांना आणि माइकच्या जाळीला लावून पाहा. दिवा मिणमिणला तरी कार्यक्रम थांबवा, मग पाहुणे खोळंबले तरी चालतील. गिटार घेऊन गाणाऱ्याला बिनतारी माइक द्या, म्हणजे तो रस्ताच बंद होतो. टेस्टर एकाच पोराच्या खिशात नको, गाणाऱ्या बहिणींनाही तो वापरता आला पाहिजे. इस्त्रीही त्यांच्या हाती द्या. केसाएवढी तार सांधायला हलका हात लागतो.

मुंबईचा धम्म विंग्ज आणि २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत पहिला कार्यक्रम केलेला कास्टलेस कलेक्टिव्ह हे बँड पोरांनी जरूर ऐकावेत. चेन्नईच्या पोरांनी इलेक्ट्रिक गिटारशेजारी पराई हे आपल्या डफासारखे वाद्य उभे केले आहे. ज्या वाद्यामुळे वाजवणाऱ्याला हलके लेखले गेले तेच वाद्य ते मानाने मंचावर आणतात. यावर आपल्या घरांत मतभेद होतील. गावकीचे डफडे सोडायला आपल्या वाडवडिलांनी किती सोसले हे आठवणारी माणसे अजून आहेत. त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

पत्रात शेवटी बँजोचेही विचारले आहे. त्यावरही पिकअप बसवता येईल, पण तार पोलादीच हवी. पितळेची तार चुंबकाला ओळखत नाही, कितीही छेडा, स्पीकर मुका राहील. जुन्या तारांना साधा चुंबक लावून पाहा, चिकटली ती ठेवा. बँजोच्या पिकअपची जोडणी पुढच्या अंकात देतो. जयभीम.