आधी मांडणी की आधी काम?

बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या गॅरेजमध्ये स्वतःची छोटी कार्यशाळा असावी, असे पुष्कळांच्या मनात असते. पिंपरी-चिंचवड, सातपूर, वाळूज, कोल्हापूरचे उद्यमनगर अशा ठिकाणी ज्यांचे आयुष्य यंत्रांच्या संगतीत गेले, त्यांना निवृत्तीनंतर हातावर हात ठेवून बसणे जमत नाही. त्यांच्या जोडीला आता दिवसभर संगणकासमोर बसणारी तरुण मंडळीही आली आहेत. सुटीच्या दिवशी तरी लाकडाला, लोखंडाला हात लागावा, अशी त्यांची ओढ असते. जागा दोघांचीही सारखीच. साधारण दहा बाय अठरा फुटांची खोली, तीत मोटार किंवा दोन दुचाक्या, आणि भिंतीला लागून जुना कूलर, रंगाचे अर्धे डबे, मुलांच्या लहानपणच्या सायकली, घर बांधताना उरलेल्या फरशा. या अडगळीतून कार्यशाळा उभी करायची ती एका दमात की हळूहळू, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. किती पैसे जातील, किती उत्साह टिकेल आणि अपघात होईल की टळेल, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

एका दमात करा म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. गॅरेज पूर्ण रिकामे केले की ओल कुठे येते, भिंत कुठे फुगली आहे, वाळवी कोणत्या कोपऱ्यातून चढते, हे दिसते. सामान अर्धे हलवून अर्धे ठेवले तर ते कधीच दिसत नाही. रंग, वायरिंग, फळ्या, कपाटे ही कामे एकत्र झाली तर गवंडी, वायरमन आणि सुतार यांच्या फेऱ्या वाचतात. शिवाय कारखान्यात काम केलेल्यांच्या अंगात ‘फाइव्ह एस’ मुरलेले असते. टोयोटामुळे जगभर गेलेल्या या जपानी शिस्तीचे पाच टप्पे म्हणजे नको ते काढणे, हवे ते जागेवर लावणे, स्वच्छता, त्या सगळ्याचा ठरलेला पायंडा आणि तो पाळण्याची सवय. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, पाना उचलला की रिकामी आकृती दिसते. संध्याकाळी नुसती नजर फिरवली तरी काय परत आलेले नाही ते कळते. हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले, त्याला घरीही तसेच हवे असेल तर त्यात गैर काही नाही.

तरीही माझा कौल हळूहळूच्या बाजूने आहे. कारण कारखान्यात काम ठरलेले असते. त्याच खात्यात, त्याच मशिनवर, तोच भाग हजारदा बनतो, म्हणून कोणते हत्यार कुठे हवे हे आधी सांगता येते. घरच्या कार्यशाळेत आज खुर्चीचा पाय बसवायचा, पुढच्या रविवारी सायकलचे बेअरिंग बदलायचे, त्यानंतर कोणीतरी मिक्सर घेऊन येते. आपण पुढे लाकूडकाम जास्त करणार की वेल्डिंग की इलेक्ट्रॉनिक्स, हे पहिल्या महिन्यात ठाऊक नसते. कागदावर आराखडा काढून सुताराकडून पक्की कपाटे करून घेतली, की त्या आराखड्यातला माणूस आणि प्रत्यक्षातला माणूस यांत अंतर पडू लागते. नव्या घरातल्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा कुठे राहणार, हे दोन-चार महिने स्वयंपाक झाल्यावर ठरते. गॅरेजचेही तेच आहे.

कामाच्या टेबलाचेच बघा. ते किती उंच असावे? उभ्याने रंधा मारायचा तर हात सरळ खाली सोडल्यावर तळवा टेकेल इतपत खाली हवे, म्हणजे अंगाचा भार रंध्यावर येतो. घड्याळ उघडायचे किंवा सर्किट जोडायचे तर ते छातीच्या जवळ यायला हवे. आणि आपल्याकडचा परंपरागत सुतार तर टेबल वापरतच नव्हता. जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून धरून त्याने दारे, पाळणे, बैलगाड्या घडवल्या. तेव्हा कोणाच्या तरी छायाचित्रातले भलेमोठे टेबल पहिल्याच आठवड्यात करून घेण्यात अर्थ नाही. चार बाय आठ फुटांचा, 18 मिलीमीटरचा एक प्लाय घ्यावा, दुकानातच मधोमध उभा कापून दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या करून घ्याव्यात आणि त्या एकमेकींवर स्क्रूने बसवाव्यात. 36 मिलीमीटर जाडीचे, हातोडीचे घाव सोसणारे टेबल होते. पाय लोखंडी अँगलचे, नट-बोल्टने बसवलेले ठेवावेत. सहा महिन्यांनी उंची चुकली असे वाटले, तर पाना घेऊन तासाभरात बदलता येते.

फळ्यांनाही हाच नियम लावावा. खाचा पाडलेल्या अँगलचा रॅक दिसायला साधा असतो, पण सामान वाढेल तशी त्याची फळी वर-खाली होते. सिमेंटमध्ये गाडलेला कडप्पा हलत नाही. ज्या गोष्टीचे आपले अजून ठरलेले नाही, ती बोल्टने जोडावी. मोठ्या मशिनला ब्रेकची चाके लावावीत, म्हणजे मोटार आत असताना ते भिंतीला आणि बाहेर असताना मध्यभागी. दहा फूट रुंदीत पावणेसहा फुटांची मोटार उभी केली, की तिच्या दोन्ही बाजूंना मिळून चार-सव्वाचार फूटच उरतात, आणि त्यातच तिचे दार उघडायचे असते. एवढ्या जागेत कायमची मांडणी करायचा हट्ट धरला तर रोजच्या वापरातली मोटार तरी कायमची रस्त्यावर जाते, नाहीतर मशिन तरी तिच्यामागे अडकून पडते.

पण हळूहळू या शब्दाआड पुष्कळ आळस लपतो, हेही मान्य केले पाहिजे. टेबल हे काम करण्यासाठी असते आणि काही महिन्यांत ते सामान ठेवण्याची जागा बनते. दहा नंबरचा पाना सापडत नाही म्हणून दुसरा आणला जातो, मग पहिला सापडतो. पाइपचे तुकडे, जुने स्विच, तुटक्या पंख्याची मोटर, सगळे ‘कधीतरी लागेल’ म्हणून राहते. ‘फाइव्ह एस’मधला पहिला टप्पा घराला अक्षरशः लागू आहे आणि तोच इथे सगळ्यांत आधी टाळला जातो. मांडणी सवडीने झाली तरी चालते. नको ते काढायला मात्र वेळ लावू नये. वीतभर लांबीपेक्षा लहान प्लायचे तुकडे, ओळखू न येणारे सुटे भाग आणि दोन पावसाळे हात न लागलेले सामान यांना निरोप द्यायला हवा. भंगारवाला दारावरून जातो तेव्हा ते बाहेर काढले, तर गॅरेज न बांधताच चार फूट वाढते.

ज्याला वेळ देता येत नाही असे आणखीही काही आहे, आणि त्यावर मी अडून बसेन. पहिली वीज. बहुतेक गॅरेजमध्ये एक दिवा आणि 6 अँपिअरचा एक प्लग असतो. 230 व्होल्टला त्यातून फार तर 1,380 वॉट घेता येतात. एकटे ड्रिल किंवा चार इंची ग्राइंडर त्यावर चालेल. सात इंची गोल करवत आणि भुसा ओढणारा व्हॅक्युम एकत्र चालवले की वायर तापते. एक्स्टेन्शन बोर्डाला आणखी एक बोर्ड जोडून ही गरज भागवण्याची सवय जीवघेणी आहे. मुख्य पॅनेलपासून 4 चौरस मिलीमीटरची वेगळी तांब्याची वायर, 16 अँपिअरचे सॉकेट, नीट तपासलेले अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी, एवढे पहिल्याच महिन्यात परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. जुलैत शटरखालून पाणी आत येते, फरशी ओली असते, पायात रबरी चप्पल असते-नसते. त्या दिवशी माणूस वाचतो तो आरसीसीबीमुळे. त्याचा खर्च चांगल्या ड्रिलच्या आधी करावा.

दुसरी गोष्ट पेट्रोल. गॅरेज मूळचे वाहनाचे, हे आपण विसरतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते, आणि ग्राइंडरच्या ठिणग्याही जमिनीवरच पडतात. म्हणून लोखंड कापण्याआधी स्कूटर, मोटार बाहेर, थिनरचे आणि रंगाचे डबे बाहेर, शटर पूर्ण वर. ही शिस्त ‘पुढे लावू’ अशी नाही. ग्राइंडरचे गार्ड काढून काम करण्याची आपल्याकडची पद्धतही इथेच थांबली पाहिजे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. तडकलेली डिस्क त्या वेगाने सुटली तर ती अडवायला गार्डशिवाय दुसरे काहीही नसते. डिस्कवर किती फेऱ्यांपर्यंत ती चालते हे छापलेले असते, ते वाचावे.

तिसरी गोष्ट धूळ. लाकडाच्या भुशाला आपण निरुपद्रवी समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगाला निश्चित कारण ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात 1995 सालीच घातली आहे. तिथे धोका वर्षानुवर्षे त्या धुळीत काम करणाऱ्यांचा मोजला गेला, रविवारपुरता रंधा मारणाऱ्याचा नाही, हे खरे. म्हणून घाबरून काम सोडण्याचे कारण नाही. पण बंद शटरआड, मास्कशिवाय एमडीएफ कापण्याचेही कारण नाही. एन 95 मास्क, उघडे शटर आणि समोरच्या भिंतीत एक एक्झॉस्ट पंखा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

या तीन गोष्टी झाल्या की पुढचे सारे सावकाश होऊ द्यावे, आणि तिथे आपापल्या गावाचे हवामानही मोजावे. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, वर खारी हवा. तिथे भिंतीवर हत्यारे उघडी टांगण्याची हौस दोन पावसाळ्यांत गंजून जाते; पटाश्या, कानशी, ड्रिलचे बिट तेलाचा हलका हात देऊन बंद पेटीत, कापराच्या वड्यांसोबत ठेवलेले बरे. सोलापूरला गंजाची चिंता त्यामानाने कमी, तिथे वैरी धूळ. तिथे टांगलेली हत्यारे निदान फडक्याने झटकता तरी येतात. स्क्रू आणि खिळ्यांसाठी श्रीखंडाचे रिकामे डबे घरोघरी साठवले जातात. ते फुकट असतात आणि एकावर एक नीट बसतात, पण आतले दिसत नाही. मला पारदर्शक बरण्या अधिक पटतात. डबेच वापरायचे असतील तर आतला एक नमुना झाकणावर चिकटवावा.

हत्यारे विकत घेण्याच्या बाबतीत सावकाशीचा फायदा सर्वांत जास्त. दीडशे तुकड्यांचा चकचकीत संच घेण्याचा मोह होतो आणि त्यातले निम्मे कधी पेटीबाहेर येत नाहीत. समोरच्या कामाला जे लागते ते घ्यावे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुनी व्हाइस, कानशी, गुण्ये मिळतात. जुनी ओतीव लोखंडाची व्हाइस डोळे मिटून नव्हे, पण जबडे आणि स्क्रू तपासून जरूर घ्यावी. ती आपल्यानंतरही टिकेल. जुने विजेवरचे हत्यार मात्र तिथून घेऊ नये. मोजमापाच्या साधनांत काटकसर करू नये, कारण गुण्याच काटकोनात नसेल तर पुढची सगळी मेहनत तिरकी जाते.

मांडणी रोज थोडी बदलायची असेल, तरी वर्षातून एकदा थांबून तिच्याकडे पाहायला हवे. त्यासाठी आपल्याकडे दिवस ठरलेला आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. साधारण त्याच सुमारास पाऊस महाराष्ट्रातून मागे फिरतो, म्हणजे गंज पाहण्याची, धार लावण्याची, तेल देण्याची वेळही तीच. त्या दिवशी प्रत्येक हत्यार हातात घेऊन पुसले, की वर्षभरात कोणते एकदाही वापरले नाही हे आपोआप कळते. हळदकुंकवाइतकाच हा हिशेबही त्या दिवसाचा भाग व्हावा.

इथे फ्लॅटमध्ये राहणारा वाचक विचारेल, की आमचे काय? सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगला गॅरेज समजून तिथे टेबल टाकणे योग्य नाही. पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अशी जागा सामायिक ठरवली आहे. शिवाय निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. बाल्कनीत हातहत्यारांनी शांतपणे होण्यासारखे पुष्कळ आहे; त्यापलीकडच्या कामाला सामायिक कार्यशाळाच हवी. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 पासून हाताने करत शिकण्याची वाट घातली आणि 2002 मध्ये तिथे फॅब लॅब ही सामायिक कार्यशाळा सुरू झाली. खेड्यात जे होऊ शकले, ते दोनशे सदनिकांच्या संकुलात क्लब हाउसच्या एका खोलीत का होऊ नये? सोसायट्यांनी जिमच्या ट्रेडमिलइतकाच विचार एका टेबलाचा आणि एका व्हाइसचा करावा.

राहिला घरातल्या माणसांचा प्रश्न. गॅरेज एकाचे झाले की बाकीच्यांची त्यातली ये-जा थांबते, आणि ते नुकसान जागेच्या नुकसानापेक्षा मोठे आहे. काहींच्या मते धोका नको म्हणून सगळेच कुलपात असावे, काहींच्या मते मुलांना सगळे मोकळे हवे. मी मधोमध रेघ ओढेन. ग्राइंडर, गोल करवत, थिनर आणि पटाश्या कुलपात, चावी मोठ्यांकडे. हातोडी, पक्कड, मापपट्टी, गिरमीट आणि खिळ्यांची बरणी मात्र दहा वर्षांच्या मुलीचा हात पोहोचेल अशा फळीवर, आणि ती तिथे लावताना कोणती वस्तू कुठे ठेवायची हे तिला विचारून.