नवऱ्याचा व्हिसा, बायकोची नोकरी



ईद झाली की निकाहांचा हंगाम सुरू होतो आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. परदेशातल्या मुलांचे रिश्ते, त्यांची चौकशी, कागदपत्रे. कोकणातल्या घरांना हे नवे नाही. खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन इकडच्या किती पिढ्या आखातात राबल्या, ते वाचकांना आम्ही सांगायला नको. पण पूर्वी मुलगा जायचा आणि बायको गावी राहायची. आता मुलगी शिकलेली असते, स्वतः कमावती असते आणि निकाहनंतर महिन्या-दोन महिन्यांत तीही विमानात बसते. तिच्या नोकरीचे पुढे काय होते, हे मात्र रिश्ता ठरवताना कोणी विचारत नाही. पगार विचारतात, घर स्वतःचे की भाड्याचे ते विचारतात, मुलगा नमाजी आहे का, आई-वडील सोबत राहणार का, सगळे विचारून होते. मुलाचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे आणि त्यावर बायकोला काम करता येते का, हा प्रश्न मागे राहतो.

आम्हीसुद्धा तो विचारला नव्हता. आमच्या भाचीचा निकाह २०१९ मध्ये झाला. मुलगी बी.फार्म., मुंबईत एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचे काम करायची. मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला, एच-१बी व्हिसावर सॉफ्टवेअरच्या नोकरीत. बोलणी आमच्याच ओट्यावर झाली. भाचीने आपल्या अम्मीकरवी एकच गोष्ट पुढे पाठवली होती, की तिथे गेल्यावर मला नोकरी करायची आहे. मुलाचे वालिद म्हणाले, "का नाही? आमच्या घरात कुणाची मनाई नाही." माणूस सच्चा आहे, आजही आम्ही तेच म्हणू. मनाई घरात नव्हतीच, ती व्हिसात होती आणि ओट्यावर बसलेल्या आम्हा दहा-बारा शहाण्यांपैकी एकालाही तिची खबर नव्हती.

एच-१बी वाल्याच्या बायकोला एच-४ हा व्हिसा मिळतो. त्यावर राहता येते, शिकता येते, गाडी चालवता येते, पण मोबदला घेऊन काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून एक वाट निघाली आहे. नवऱ्याच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, ज्याला आय-१४० म्हणतात, मंजूर झाला असेल किंवा त्या प्रक्रियेमुळे नवऱ्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तर बायकोला कामाचे कार्ड मागता येते. म्हणजे सारे नवऱ्याच्या कंपनीवर आले. कंपनीने अर्ज केलाच नाही किंवा मुलाने मधेच कंपनी बदलली, तर बायको बसून.

आमच्या जावयाने २०२० च्या आत कंपनी बदलली. पगार वाढला, सगळ्यांनी मुबारकबाद दिली. नव्या कंपनीने ग्रीन कार्डाचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला वेळ लावला. आय-१४० मंजूर व्हायला २०२३ उजाडले आणि भाचीच्या हाती कामाचे कार्ड आले २०२४ मध्ये. पाच वर्षे. या पाच वर्षांत तिने काय केले, असे आम्ही एकदा फोनवर विचारले. ती हसून म्हणाली, "मामू, पोळ्या आता गोल येतात."

हसण्यावारी नेले तरी त्यातले दुखणे आम्हाला कळले. बायको कामाला पात्र नसेल तर तिला तिथला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. तो नाही म्हणून स्वतःच्या नावावर क्रेडिट कार्ड मिळायला मुश्कील, भाडेकरारावर नाव घालायला खळखळ. ओळखीच्या एका बाईने सुचवले की डबे करून दे, शेजारच्या मुलांना पैसे घेऊन शिकव. तेही कामच धरले जाते, आणि विनापरवाना काम केल्याची नोंद पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी आडवी येऊ शकते. भारतातल्या कंपनीचे काम तिथे बसून करावे म्हटले तर तेही जोखमीचे. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी आधी तिथल्या वकिलाला विचारावे, चुलतभावाला नव्हे.

यात एक गंमत आहे, गंमत म्हणावे तर. एकाच कंपनीतला दुसरा मुलगा कंपनीच्या भारतातल्या शाखेतून बदली होऊन एल-१ व्हिसावर गेला असेल, तर त्याच्या बायकोला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळे कार्ड न काढताही पहिल्या दिवसापासून काम करता येते. दोघे एकाच इमारतीत राहतात, एकाच मशिदीत जुम्मा पढतात, आणि एकाची बायको सकाळी कामावर जाते तर दुसऱ्याची खिडकीतून पाहते. फरक व्हिसावरच्या अक्षराचा. म्हणून आम्ही म्हणतो, रिश्ता अमेरिकेचा आहे एवढे सांगून भागत नाही, अक्षर सांगा.

कार्ड आल्यावर भाचीला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून मात्र नाही. ते दार निराळे. २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी उमेदवाराचा फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा नसेल, तर अमेरिकेतल्या पात्रता परीक्षेला बसताच येत नाही, आणि आपले बी.फार्म. चार वर्षांचे. व्हिसा काम करू देतो, पण तुमचेच काम करू देईल असे नाही. डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फार्मासिस्ट, शिक्षिका या मुलींनी व्हिसाबरोबर परवान्याची चौकशी वेगळी करावी. दुबईत दुबई हेल्थ ऑथॉरिटीचा परवाना लागतो, जर्मनीत डॉक्टरला जर्मन भाषेची परीक्षा चुकत नाही.

तर नोकरी लागली आणि दीड-पावणेदोन वर्षे चालली. कामाच्या कार्डाची मुदत नवऱ्याच्या मुदतीला बांधलेली असते, ती डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला. पूर्वी असा अर्ज प्रलंबित असला तर जुन्या कार्डावर काम चालू ठेवण्याची मुदतवाढ आपोआप मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना ती बंद झाली आणि भाचीचा अर्ज नोव्हेंबरातला. डिसेंबरात तिने टेबल आवरले. हे लिहीत असताना शव्वाल निम्मा सरला, कार्ड आलेले नाही. कंपनीने जागा किती दिवस राखायची, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलेले नाही.

आणि ग्रीन कार्ड? नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे निघतात, त्यांत बायका-मुलेही मोजली जातात, आणि एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत. भारतीयांची रांग किती लांब असेल, हिशेब करून पाहावा. मधल्या काळात एच-४ वाल्यांचा कामाचा हक्कच रद्द करा म्हणून खटलाही चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती याचिका ऐकायला नकार दिला, म्हणून निदान नियम शाबूत आहे.

दुसऱ्या देशांकडे पाहिले तर सगळीकडे असे नाही. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला कोणतीही नोकरी करता येते आणि जाण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही. ऑस्ट्रेलियात कंपनीने बोलावलेल्या ४८२ व्हिसावाल्याचा जोडीदारही मोकळा. कॅनडा पूर्वी बराच उदार होता, २१ जानेवारी २०२५ पासून हात आखडला आहे. आता नवऱ्याचे काम वरच्या दर्जाच्या किंवा ठरावीक यादीतल्या व्यवसायांत हवे आणि अर्ज करताना त्याच्या परवान्याचे किमान १६ महिने शिल्लक हवेत. "कॅनडाला सगळे चालते" असे सांगणाऱ्यांची माहिती जुनी आहे.

ब्रिटनबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तिथे आमच्या ओळखीत उलटे घडले. मिरजेकडची एक नर्स तिथल्या हॉस्पिटलात लागली आणि नवरा तिच्या व्हिसावर गेला. तो वायरमन. त्याला तिथे जवळपास कोणतेही काम करता येते आणि तो करतोही आहे. गावात मात्र त्याला घरजावई, बायकोचा मुनीम, काय काय म्हटले गेले. त्याच्या सख्ख्या चाचाने म्हटले. हा मुलगा दिवसभर काम करून रात्री लेकराला झोपवतो, कारण बायकोची रात्रपाळी असते. चाचाजींनी आयुष्यात एकदा तरी लेकरू झोपवले असेल का, याची आम्हाला शंका आहे.

पण नर्स आणि केअर वर्कर यांत गफलत करू नका. एजंट दोन्हीला "हेल्थ व्हिसा" म्हणतात. केअर वर्करना ११ मार्च २०२४ नंतर नव्याने जाताना जोडीदार-मुले नेता येत नाहीत आणि २२ जुलै २०२५ पासून तर बाहेरच्या देशांतून केअर वर्करची नवी भरतीच बंद आहे. आजही त्या व्हिसाचे पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याच्या पुढ्यातला चहासुद्धा पिऊ नका. इतर नोकऱ्यांवर जाणाऱ्या कुटुंबाने आरोग्य अधिभार हिशेबात धरावा. मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड, तीन वर्षांचे ३,१०५ पौंड अर्जाबरोबरच भरावे लागतात. हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना तो माफ आहे.

आखातात अमिरातीचे नियम सोपे. नवऱ्याचा पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, एवढ्यावर कुटुंब बोलावता येते, आणि बायकोला नोकरी लागली की तिची कंपनी मंत्रालयाकडून कामाचा परवाना काढते. तिला नवऱ्याचा व्हिसा सोडावा लागत नाही. सौदीत फॅमिली इकाम्यावर परवान्याशिवाय नोकरी नाही, शिवाय माणशी महिना ४०० रियालची फी. बायको आणि दोन मुले म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. ही फी २०१७ मध्ये १०० रियालपासून सुरू झाली आणि दरवर्षी वाढत गेली, तेव्हा कितीतरी घरे सामान बांधून गावी परतली.

कागदांबद्दल थोडे. नुसत्या उर्दू निकाहनाम्यावर भागत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाहनोंदणी करून दाखला घ्या. त्यावरचे नाव आणि पासपोर्टावरचे नाव अक्षरशः एक हवे. एका कागदावर शेख आधी आणि दुसऱ्यावर नंतर, एवढ्याने फाइल अडते. बऱ्याच देशांना परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल चालते, अमिरातीसाठी मात्र त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. आणि फोनवर निकाह लावण्याची जी पद्धत पडली आहे तिच्याबद्दल सावध राहा. निकाहच्या वेळी दोघे एकमेकांसमोर हजर नसतील, तर त्यानंतर ते पती-पत्नी म्हणून एकत्र आल्याखेरीज अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा तो विवाह धरत नाही.

एका वाचक भगिनीने विचारले आहे की नोकरीची अट निकाहनाम्यात घालावी का. निकाह हा करार आहे, वाजवी अट घालता येते, आणि घातलेली बरी. पण ती अट नवऱ्याला बांधते, परक्या सरकारला नाही. आणखी एका साहेबांनी लिहिले की खर्चाची जिम्मेदारी नवऱ्याची, मग बायकोला नोकरीची हौस कशाला. जिम्मेदारी नवऱ्याची, हे मान्य. तिची कमाई तिची स्वतःची, हेही त्याच घरातले आहे. आमच्या भाचीने पाच वर्षांत घरखर्च कधी मागायची वेळ आली असे म्हटले नाही. तिचे म्हणणे एवढेच की ईदला अम्मीला साडी पाठवायची तर ती नवऱ्याच्या पैशाने पाठवावी लागते.

मागच्या आठवड्यात तिच्या धाकट्या बहिणीसाठी रिश्ता आला. मुलगा टेक्सासला. आमची बहीण चहाचे कप ठेवून समोर बसली आणि सलाम-दुवा होताच पहिला प्रश्न तिने विचारला, "व्हिसा एच का एल? आणि एच असेल तर आय-१४० मंजूर आहे का?" मुलाच्या वालिदांनी कप खाली ठेवला, मोबाइल काढला आणि मुलाला फोन लावायला अंगणात गेले.