वाचकाचे मत विचारतो कोण?

मराठी साहित्यव्यवहारात वाचकाचे नाव घेतल्यावाचून कोणाचेच चालत नाही. लेखक आपले पुस्तक रसिकांच्या चरणी ठेवतो. प्रकाशक वाचकांच्या आग्रहास्तव दुसरी आवृत्ती काढतो. समीक्षक वाचकांची अभिरुची खालावल्याची तक्रार करतो आणि साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून वाचनाच्या ऱ्हासाबद्दल वर्षानुवर्षे चिंता व्यक्त होत असते. पण ज्याच्या नावाने हा सारा व्यवहार चालतो, त्या वाचकाला स्वतःला काय वाटते हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वऱ्हाडाची बडदास्त उत्तम ठेवावी आणि वधूची संमती तेवढी गृहीत धरावी, अशातलाच हा प्रकार आहे.

पुस्तक वाचून झाल्यावर सामान्य वाचकाच्या मनात जे मत तयार होते, त्याला काही मोल आहे की नाही, हा प्रश्न आज विचारण्यास सबळ कारण आहे. वृत्तपत्रांतील पुस्तक-परीक्षणांची जागा आक्रसत गेली आहे. पूर्वी मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढण्याचा प्रघात होता. आता पाचशे, प्रसंगी त्याहूनही कमी प्रतींवर भागवले जाते. जाणत्या परीक्षकाचा शब्द वाचकापर्यंत पोहोचेनासा झाला असून त्याची जागा जाहिरातीने आणि मोबाइलच्या पडद्यावर मोजल्या जाणाऱ्या ताऱ्यांनी घेतली आहे. अशा वेळी चांगल्या पुस्तकाला आधार उरतो तो एका वाचकाने दुसऱ्यास सांगितलेल्या शब्दाचा. तो शब्द विश्वासार्ह कसा होईल, याचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही.

इतिहासाची साक्ष

वाचकाचे मत म्हणजे लोकप्रियता आणि लोकप्रियता म्हणजे उथळपणा, असे समीकरण आपल्याकडील विद्वानांनी फार काळ मांडले. इतिहास त्याला सर्वस्वी दुजोरा देत नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः वाचकांसमोर आली. त्या वेळी कादंबरीचे थोरपण ठरविणारी समीक्षा मराठीत जवळजवळ नव्हतीच. यमूची कहाणी आठवड्यामागून आठवडा वाचणाऱ्या वाचकांनी ती आपल्याच घरातली मानली; समीक्षेचे शिक्कामोर्तब मागाहून झाले. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर (१९३५) भाबडेपणाचा आणि अश्रूंच्या अतिरेकाचा आक्षेप घेतला गेला, तरी पिढ्यानुपिढ्या मराठी आईबाप ते पुस्तक मुलांच्या हाती देत आले आहेत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजारला आणि काळ्या पहाडाला वाङ्मयेतिहासाच्या दिवाणखान्यात कधी बैठक मिळाली नाही; पण नुसत्या अक्षरओळखीचे रूपांतर वाचनाच्या सवयीत करण्याचे काम त्या पुस्तकांनी केले, हे अमान्य करता येणार नाही.

याचा अर्थ वाचक नेहमीच बरोबर असतो असा मात्र नव्हे. १९३३ साली विभावरी शिरूरकर यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा महाराष्ट्रात वादळ उठले. शिकलेल्या, अविवाहित, मिळवत्या स्त्रियांच्या मनाची जी कोंडी त्या कथांनी मांडली होती तिच्याकडे पाहण्याऐवजी, या टोपणनावामागे दडलेली बाई कोण, याच्याच शोधात अनेकांनी आपली शक्ती खर्च केली. मालतीबाई बेडेकरांचे ते पुस्तक आज मराठी कथेच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा मानले जाते. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर दुर्बोधतेचा आणि अश्लीलतेचा शिक्का बसला, प्रकरण न्यायालयात गेले आणि कवी निर्दोष सुटला. त्या कवितेने मराठी काव्याचा प्रवाहच वळविला, हे पुढे तिच्या विरोधकांनाही मानावे लागले.

या दोन्ही बाजूंचा विचार करता एक गोष्ट ध्यानात येते. वाचकाचा पहिला उद्गार आणि वाचकाचे मत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिला उद्गार संतापाचा असेल, कौतुकाचा असेल. तो क्षणाचा असतो. संताप निवळल्यावर आणि कौतुक ओसरल्यावर जे मनात शिल्लक राहते, आणि ज्याच्यासाठी वाचक चार कारणे देऊ शकतो, तेच त्याचे मत. 'यमू', 'श्याम' यांना तारून नेले ते या दुसऱ्या वस्तूने.

एकच माप पुरत नाही

सामान्य वाचकाला वाङ्मयप्रकारांचे शास्त्र ठाऊक नसते, असे म्हटले जाते. शास्त्र ठाऊक नसेल. पण कोणत्या पुस्तकाकडून काय मागावे, हे त्याला बहुधा चांगले कळते. रहस्यकथा हाती घेणारा वाचक तिच्याकडे जीवनदर्शन मागत नाही. शेवटाचा अंदाज मध्यावरच आला तर मात्र तो लेखकाला क्षमा करीत नाही. विनोदी पुस्तकाची परीक्षा तो दुसऱ्यांदा वाचताना करतो, कारण पहिल्यांदा हसविणे सोपे आणि ठाऊक असलेल्या वाक्याला पुन्हा हसविणे अवघड. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला (१९६२) या परीक्षेत किती गुण मिळाले, हे ते पुस्तक घराघरांत किती जीर्ण झाले आहे यावरून समजते.

आत्मचरित्राचे माप याहून निराळे. तेथे वाचक घाटापेक्षा खरेपणा अधिक पाहतो. लक्ष्मीबाई टिळकांना शालेय शिक्षणाचा म्हणावा तसा लाभ झाला नव्हता. परंतु 'स्मृतिचित्रे'तील त्यांच्या बोलण्याचा खरेपणा वाचकांनी तत्काळ ओळखला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा मराठी मध्यमवर्गीय वाचक अंतर्मुख झाला. कारण आपल्याच गावात, आपल्याच भाषेत, एवढे जग आपल्या नजरेआड राहिले होते याची त्याला लाज वाटली. उलटपक्षी, आपल्या समाजाची दुःखे अशी चव्हाट्यावर का मांडावीत, असा प्रश्न लेखकाच्याच समाजातील काही वाचकांनी केला. हे दोन्ही अभिप्राय एकाच पुस्तकावरचे; दोन्ही प्रामाणिक; आणि दोन्ही ठाऊक असल्याशिवाय त्या पुस्तकाने काय घडविले याचे चित्र पुरे होत नाही.

ऐतिहासिक व पौराणिक कादंबरीच्या बाबतीत मात्र वाचकाचे माप थोडे डळमळते, हे कबूल केले पाहिजे. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबऱ्यांवर मराठी वाचकाने अलोट प्रेम केले. पण त्या प्रेमाच्या भरात कादंबरीतील माधवराव हेच इतिहासातील माधवराव आणि कादंबरीतील कर्ण हाच महाभारतातील कर्ण, असे मानण्याची सवय अनेकांना जडली. दोष लेखकांचा नव्हे. कल्पनेचे दान घेताना त्याची पावती बखर म्हणून फाडणाऱ्या वाचकाचा आहे.

आणि वाचकाचे मत अगदी निखळ स्वरूपात पाहावयाचे असेल, तर साहित्याच्या प्रांताबाहेर जावे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पाककृतींचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. त्यावर परिसंवाद झडले नाहीत. वाटी-चमच्याच्या मापाने दिलेली कृती तंतोतंत पाळली, पदार्थ साधला, आणि शेजारणीने ते पुस्तक मागून नेले. लग्न होऊन परगावी निघालेल्या मुलीच्या पेटीत ते आपोआप जाऊन बसले. पुस्तकाने जे वचन दिले ते पाळले की नाही, एवढाच येथे प्रश्न होता आणि त्याचा निकाल चुलीपाशी लागत होता. खरे पाहता हीच कसोटी सर्व पुस्तकांना लागू आहे. वचने मात्र निरनिराळी असतात. कोशाचे वचन अचूकतेचे, प्रवासवर्णनाचे डोळे उघडे ठेवण्याचे, कवितेचे शब्दाला नवा प्राण देण्याचे. ज्याने जे वचन दिलेच नाही, ते पाळले नाही म्हणून त्याला बोल लावणे अन्यायाचे होय.

न वाचता दिलेले मत

वाचकाच्या मताचा खरा शत्रू समीक्षक नव्हे. न वाचता दिलेले मत हा त्याचा शत्रू आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. निमित्त जेम्स लेन यांच्या शिवछत्रपतींवरील ग्रंथाचे होते. तो ग्रंथ प्रकाशकाने त्यापूर्वीच, २००३ च्या नोव्हेंबरात, भारतातील बाजारातून मागे घेतलेला होता. म्हणजे ग्रंथ वाचून, त्यातील आक्षेपार्ह मजकुराची शहानिशा करून, त्याचे लेखी खंडन करण्याची वाट सर्वसामान्य माणसाला जवळजवळ बंदच झाली होती. आणि ज्या संस्थेने पिढ्यानुपिढ्या हस्तलिखिते जपली तिच्या कपाटांना मात्र त्या रोषाची झळ सोसावी लागली. लेखकाचे प्रतिपादन चूक ठरविण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे. पण त्या अधिकारासाठी आधी वाचक असावे लागते, ही त्यातील पहिली अट आहे. जो समाज आपल्या वाचकांना कारणे देऊन बोलण्याची सवय लावीत नाही, त्याच्या वतीने मग दगड बोलू लागतात.

तारे आणि तारखांचे शिक्के

आज मत नोंदविण्याची साधने नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पुस्तक विकत घेताच त्याला पाचपैकी किती तारे द्याल, असा प्रश्न दारात उभा राहतो. हजारो माणसे उत्साहाने तारे देतातही. परंतु शब्दकोशाला चार तारे, काव्यसंग्रहाला चार तारे आणि बटाटेवड्याच्या कृतीलाही चार तारे, हा कोणता न्याय? वचने निराळी असताना माप एकच लावले की मत नाहीसे होते, उरतो तो आकडा. आणि आकडा वाढविण्याच्या युक्त्या मताला कारणे देण्यापेक्षा कितीतरी सोप्या असतात.

यापेक्षा ग्रंथालयातील पुस्तकाच्या अखेरीस चिकटविलेली ती तारखांची चिठ्ठी अधिक प्रामाणिक होती. जांभळ्या शाईच्या शिक्क्यांनी भरून गेलेली चिठ्ठी एक सांगे. वर्षातून एकदा उमटलेला शिक्का दुसरे सांगे. समासात कोणी पेन्सिलीने केलेला शेरा नियमाविरुद्ध खरा, पण पुढच्या वाचकाला तो सोबत करी. मुख्य म्हणजे काउंटरपलीकडचा ग्रंथपाल हे सारे पाहत असे आणि पुस्तक बदलायला आलेल्याला, 'हे न्या, तुम्हांला आवडेल' असे नेमके सांगू शके. संगणकाने नोंद अचूक झाली, हे चांगलेच झाले. पण त्या नोंदीशी बोलणारे कोणी उरले नाही.

ग्रंथालयांनी काय करावे

महाराष्ट्राला सार्वजनिक ग्रंथालयांची थोर परंपरा आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, ग्रंथालयांची 'अ' ते 'ड' अशी वर्गवारी ठरली आणि शासकीय अनुदानाची व्यवस्था लागली. आज राज्यातील अनुदानपात्र ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. अनुदान अपुरे असते, ते वेळेवर येत नाही, या तक्रारी रास्त आहेत. परंतु जो पैसा हाती येतो त्यातून कोणती पुस्तके घ्यावयाची, हे ठरते कसे? बऱ्याच ठिकाणी ते विक्रेत्याच्या सवलतीच्या टक्क्यांवर आणि वर्षअखेरच्या घाईवर ठरते. ज्यांच्यासाठी पुस्तके घ्यावयाची, त्या सभासदांचे मत विचारात घेतले जाण्याचे प्रसंग विरळाच. सूचना-वही टांगलेली असते, पण तिच्यात पंखा बंद असल्याची आणि वृत्तपत्र उशिरा येत असल्याची नोंद असते. पुस्तकाविषयी अवाक्षर नसते.

तेव्हा प्रत्येक ग्रंथालयाने एक निराळी अभिप्राय-वही ठेवावी, एवढीच साधी सूचना आहे. पुस्तक परत करताना सभासदाने इच्छा असल्यास तीत चार ओळी लिहाव्यात. पुस्तक आवडले की नाही, यापेक्षा ते का आवडले किंवा का खटकले, याला महत्त्व असावे. अभिप्राय लिहिणाऱ्याने पुस्तक नेल्याची नोंद दप्तरात असावी, म्हणजे न वाचता मत देण्याचा मार्ग खुंटेल. पुस्तक-खरेदीच्या बैठकीत ही वही वाचली जावी. बहुमताने पुस्तके निवडावीत असे येथे सुचवावयाचे नाही. तसे झाले तर मर्ढेकरांसारख्याला कपाटात जागा मिळणार नाही. दोनच वाचकांनी कारणे देऊन मागितलेले पुस्तकही घेतले जावे, यासाठीच ही वही हवी. मतांची मोजदाद करण्याऐवजी मतांचे वजन पाहावे, हा यातील इत्यर्थ.

याने काय साधेल, अशी शंका कोणी घेईल. त्याने साधा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहावा. राज्यातील ग्रंथालयांपैकी दहांत एकाने जरी आपल्या वाचकांच्या शब्दावरून एखादे पुस्तक घेतले, तरी अकराशे प्रती होतात. म्हणजे पूर्वीची एक सबंध आवृत्ती. जाहिरातीला पैसा नसलेल्या छोट्या प्रकाशकाला, तालुक्याच्या गावी लिहीत बसलेल्या नव्या लेखकाला आणि चांगल्या पुस्तकाच्या शोधात असलेल्या वाचकाला, तिघांनाही त्याने हात दिला जाईल. त्यासाठी नवा कायदा नको, नवी समिती नको आणि वाढीव अनुदानाची वाटही पाहावयास नको. शंभर पानी वही, दोरीला बांधलेली एक पेन्सिल आणि बैठकीपूर्वी ती उघडून पाहण्याची तयारी, इतकी सामग्री पुरेशी आहे.