रामदासपेठेतला फ्लॅट आणि कास्तकाराचा हिशेब

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, 2025 च्या जूनमध्ये पूर्ण रस्ता मुंबईपर्यंत खुला झाला. त्याआधी मिहान प्रकल्प आला. या कामांनी नागपूरभोवतीच्या कितीतरी कुटुंबांच्या हाती एकदम मोठी रक्कम दिली. अशी रक्कम आली की घरात पहिला विचार निघतो : नागपुरात एखादा फ्लॅट घ्यावा, किरायाने द्यावा, दर महिन्याला बसल्या जागी पैसे येतील. त्यातही नाव निघते ते रामदासपेठेचे. आपल्या गावचा पेशंट तिथल्याच दवाखान्यात नेला जातो, म्हणून ही वस्ती ओळखीची. विचार वाईट नाही. पण कपाशीचा हिशेब जसा आपण बियाण्यापासून वेचाईपर्यंत मांडतो, तसा इथेही मांडला पाहिजे.

समजा, फ्लॅट 60 लाखांचा आहे आणि किराया महिन्याला 15 हजार मिळतो. वर्षाचे झाले 1 लाख 80 हजार, म्हणजे 3 टक्के. आता यातून वजा करा. वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा राहिला तर 15 हजार गेले. देखभाल खर्च महिना 2 हजार धरला तर 24 हजार. घरटॅक्स 10 हजार, रंगरंगोटी-नळ-वायरिंग 10 हजार. हाती उरले 1 लाख 21 हजार. खरेदीच्या वेळी स्टँप ड्युटी सहा-सात टक्के, शिवाय नोंदणी फी 30 हजार, ते वेगळेच. म्हणजे गुंतलेल्या पैशावर जेमतेम 2 टक्के पडतात. बँकेतली मुदत ठेव यापेक्षा बरीच जास्त देते. फ्लॅटचा खरा फायदा भाव वाढला तर, आणि तो विकता आला तर. भाव वाढेलच याची हमी कोणी देत नाही, दलाल तर मुळीच नाही.

कर्ज काढून घेण्याचा विचार असेल तर आणखी सांभाळा. 30 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 27 हजार येतो. किराया 15 हजार. वरचे 12 हजार दर महिन्याला कुठून आणणार? आपला पैसा येतो दिवाळी ते संक्रांत, बँकेचा हप्ता मात्र ज्येष्ठातही चुकत नाही. पेरणीचे पैसे हप्त्यात गेले तर वावरही पडीक आणि फ्लॅटही जप्तीत, अशी पाळी येते.

इतके करूनही घ्यायचाच असेल तर कागद पाहा. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत पुष्कळ जागा नझुलच्या किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्यावरच्या आहेत. पट्ट्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झाले का, हस्तांतरणाला परवानगी लागते का, हे आधी विचारा. 30 वर्षांचा सर्च वकिलाकडून काढून घ्या. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, अपार्टमेंट डीड आणि घरटॅक्सची चालू पावती पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. इमारत नवी असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक मागा. हा कायदा 1 मे 2017 पासून पूर्ण लागू आहे. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्यावर नाही.

आता किरायेदार. "एकदा ठेवला की तो निघत नाही" ही भीती आपल्या वडिलांच्या काळातली, आणि ती खोटी नव्हती. विदर्भात 1949 चा सी. पी. अँड बेरार आदेश लागू होता. त्यात किरायेदाराला नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला आणि चित्र पालटले. आता राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस निघत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्या काळासाठी दुप्पट किराया मागता येतो. दुकान किंवा ऑफिससाठी दिलेल्या जागेला मात्र ही सोय नाही, तिथे कोर्टच.

पण करार नोंदवलेला पाहिजे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोटरी केली की झाले, हा समज चुकीचा आहे. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत किरायेदार म्हणेल तेच खरे धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. स्टँप एकूण किरायाच्या पाव टक्का, नोंदणी फी शहरात 1 हजार. सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास जातो. तेवढ्यासाठी 60 लाखांची वस्तू उघड्यावर ठेवू नका. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यातही द्या.

आयकराचे ध्यानात ठेवा. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, किराया नाही. घरटॅक्स वजा जाता उरलेल्या किरायातून 30 टक्के सूट मिळते, बाकीचे उत्पन्न दाखवावे लागते. महापालिका हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आतले वावर विकले तर भांडवली नफ्याचा करही लागू शकतो. सल्ला विक्रीआधी घ्या, नंतर नव्हे.

तलाठी, ग्रामसेवक आणि इतर नोकरदार बांधवांनी फ्लॅट घेताना आपल्या खात्याला आधी कळवावे. सेवेच्या वर्तणूक नियमांत ते बंधनकारक आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फ्लॅटसाठी सगळे वावर विकू नका. विदर्भाच्या 1958 च्या कुळवहिवाट कायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावरचे नाव पुरते गेले की पोराला उद्या पुन्हा वावर घेणे जड जाईल. मुलगा-मुलगी नागपुरात शिकत असतील, त्यांचा खोलीकिराया वाचत असेल, आणि पैसा शिलकीचा असेल, तर फ्लॅट जरूर घ्या. नाहीतर आधी विहीर, ठिबक आणि डोक्यावरचे कर्ज पाहा. गावात कोणी इसार द्यायला निघाला असेल, तर सरपंच-तलाठ्यांनी त्याला आधी हा हिशेब कागदावर मांडायला लावावा.